रिलॅक्सर केलेले केस रंगवावेत, की नैसर्गिक केस वाढेपर्यंत थांबावं?

दुपदरी

नमस्कार. बरेच दिवस विचार करतेय, आता तुमच्याशी बोलूनच ठरवावं म्हणून धागा काढला.

माझे मूळचे केस दाट आणि बारीक कुरळे. सहा वर्षं नियमाने सरळ करून घेत होते. गेले दहा महिने काहीच केलं नाही, त्यामुळे डोक्याजवळ मूळचे केस आलेत. ताणून मोजले तर बारा सेंटिमीटर भरतात, सोडले की गोळा होऊन वर बसतात. त्याखाली खांद्यापर्यंत सरळ, थोडे रापलेले केस. भांगात आणि कानशिलांवर पांढरे दिसायला लागलेत.

मला तांबूस तपकिरी रंग हवाय. धाकटी बहीण म्हणते, आधी पुन्हा सरळ कर, मग रंगव. पार्लरमधली मुलगी म्हणाली, दोन्ही एकाच दिवशी करू, काही होत नाही. मला मात्र धाकधूक वाटते. एकदा केसांचं नुकसान सोसलंय, पुन्हा नको.

तर थांबू? कुरळेच ठेवून रंगवू? की सरळ करून रंगवू? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उन्हाची_बट

एकाच दिवशी अजिबात नको! बाकी जाणकार सांगतीलच, पण एवढं आत्ताच लिहून ठेवते.

निळीशाई

मी अमोनिया नसलेला रंग वापरते, केसांना काही त्रास नाही. तोच घे ना, प्रश्न मिटेल.

कंगवा

दुपदरी, मी बावीस वर्षं केसांचं काम करते. उत्तर देण्याआधी मला तुलाच विचारायचंय. तुझे केस सरळ कशाने केले होते? 'स्ट्रेटनिंग केलं' एवढ्याने काही कळत नाही, या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. डबा पाहिला नसशील तरी हरकत नाही. आठवून सांग:

क्रीम लावून, विंचरून, धुऊन टाकलं आणि झालं? की मध्ये केस वाळवून प्रेस फिरवली आणि मग दुसरं क्रीम लावलं? की आधी काहीतरी लावून, वाळवून, वरून प्रेस केली आणि त्या वेळी डोळे झोंबले?

आणि धुताना शाम्पूच्या फेसाचा रंग कसा होता?

दुपदरी

कंगवाताई, तुम्ही फेसाचं विचारलंत आणि मला एकदम आठवलं. पहिली पाच वर्षं एकाच बाईंकडे जायचे. त्या क्रीम लावायच्या, कंगव्याच्या पाठीने केस सपाट करायच्या आणि धुवायच्या. पहिला फेस गुलाबी यायचा. त्या म्हणायच्या, गुलाबी जाऊन पांढरा येईपर्यंत धुवायचं. प्रेस कधीच नाही.

त्या बाई दुसरीकडे राहायला गेल्या. मग शेवटच्या वेळी, म्हणजे दहा महिन्यांपूर्वी, मी वेगळ्या ठिकाणी गेले. तिथे मात्र क्रीम, मग प्रेस, मग दुसरं क्रीम असं झालं. सगळ्या केसांना लावलं, मुळापासून टोकापर्यंत. त्यानंतर पंधरा दिवसांत मागच्या बाजूला, आतल्या थरात बटाच्या बटा तुटल्या. उशीवर, खांद्यावर, न्हाणीत जिकडेतिकडे आखूड तुकडे. मुळासकट गळलेले नाहीत, मधूनच तुटलेले. तेव्हापासून हात लावायला भीती वाटते.

कंगवा

अगं, मग तुझे केस का तुटले ते इथेच सापडलं. गुलाबी फेसाचा तो शाम्पू हायड्रॉक्साइडच्या रिलॅक्सरनंतर, म्हणजे केस कायमचे सरळ करणाऱ्या तीव्र अल्कलीच्या क्रीमनंतर वापरतात. अल्कली शिल्लक असेल तर फेसाला रंग येतो, निघून गेली की फेस पांढरा होतो. तुझ्या आधीच्या बाई नीट काम करत होत्या. क्रीम, प्रेस आणि मग दुसरं क्रीम, हे थायो नावाच्या रसायनाचं काम. त्यालाच सगळे रिबाँडिंग म्हणतात. हायड्रॉक्साइड झालेल्या केसावर थायो लावायचंच नसतं. या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात ती गोष्ट आहे ही. त्या ठिकाणी तुला कुणी विचारलंच नाही की आधी काय झालंय. याचं मला फार वाईट वाटतं.

अणुरेणू आहे का इथे? आतली रसायनाची बाजू तीच नीट सांगेल.

अणुरेणू

आहे. जमेल तेवढं सोपं करून लिहिते.

केस म्हणजे मुख्यत्वे केराटिन नावाचं प्रथिन. वर खवल्यांचं आवरण, आत गाभा. गाभ्यातल्या प्रथिनांच्या दोऱ्या एकमेकींना गंधकाच्या जोडांनी बांधलेल्या असतात. एका दोरीचा गंधकाचा अणू दुसरीच्या गंधकाच्या अणूला धरून असतो. केस कुरळा राहतो आणि मजबूत राहतो, त्यात या जोडांचा मोठा वाटा.

थायो (अमोनियम थायोग्लायकोलेट) हे जोड उघडतं. केस सरळ करून घेतला की दुसऱ्या क्रीममधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते पुन्हा बांधतं. सगळेच्या सगळे बांधले जात नाहीत, पण बरेच जातात.

हायड्रॉक्साइडचं तसं नाही. सोडियम हायड्रॉक्साइड असो की 'नो-लाय' म्हणून मिळणारं ग्वानिडिन हायड्रॉक्साइड, त्यांचा सामू (पीएच) १२ ते १४ च्या घरात असतो. त्यात जोडातल्या दोन गंधकांपैकी एक अणू निघूनच जातो आणि उरलेल्या एकावर नवा जोड तयार होतो. त्याला लँथिओनिन म्हणतात. हा जोड नंतर पेरॉक्साइडने किंवा थायोने उघडून बांधता येत नाही. म्हणून रिलॅक्सरने सरळ झालेला केस कायमचा सरळ. वर थायो आलं की ते उरलेसुरले जुने जोडही तोडतं, आणि धरून ठेवायला फारसं काही उरत नाही. दुपदरीच्या बटा मधूनच तुटल्या त्या यामुळे.

आता रंगाकडे येऊ. कायम टिकणाऱ्या रंगाच्या डब्यात दोन बाटल्या असतात. एकीत रंगाचे छोटे रेणू आणि अल्कली, दुसरीत पेरॉक्साइड म्हणजे डेव्हलपर. अल्कलीने खवले उघडतात, छोटे रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडून मोठे होतात आणि आतच अडकतात. त्याच वेळी पेरॉक्साइड केसातला मूळचा रंग थोडा उडवतं आणि गंधकाच्या जोडांनाही धक्का लावतं. ब्लीचमध्ये हे कितीतरी जोरात होतं, कारण तिथे पेरॉक्साइडच्या जोडीला पर्सल्फेट असतं.

म्हणजे सरळ करणारं रसायन आणि केस उजळवणारं रसायन, दोघांचाही मार एकाच जागी बसतो.

निळीशाई, तुझ्या अमोनियाबद्दल. अमोनिया नसलेल्या बऱ्याच कायम रंगांमध्ये त्याच्या जागी मोनोइथॅनॉलअमाइन असतं. ते उडून जात नाही, त्यामुळे वास येत नाही. पण काम अल्कलीचंच, आणि पेरॉक्साइड तर असतंच. तुझे केस धड आहेत, तुला चालतंय. दुपदरीच्या केसांसाठी 'अमोनिया नाही' यावर भिस्त ठेवता येणार नाही.

निळीशाई

हे मला खरंच माहीत नव्हतं. डबा काढून वाचला, तेच नाव आहे. धन्यवाद अणुरेणू.

धुकं

माझा अनुभव लिहिते, कारण मी जवळजवळ तेच केलं होतं जे दुपदरीला पार्लरवाली सुचवतेय.

सोमवारी रिलॅक्सर, शुक्रवारी ब्लीच करून हायलाइट्स. धुतल्यावर केस ओले असताना हाताला बुळबुळीत लागले, रबरासारखे. मी एक केस दोन बोटांत धरून ओढला तर तो लांबतच गेला, लांबतच गेला, आणि मग आवाज न करता सुटला. वाळल्यावर काथ्या. पुढचे दोन महिने कंगव्यात रोज मूठभर गुंतवळ. शेवटी मुलासारखे आखूड कापले. डोक्याला दोन ठिकाणी भाजलंही होतं, खपल्या धरल्या होत्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून प्रत्येक अशा धाग्यावर येऊन मी हे लिहिते.

उन्हाची_बट

धुकं, वाचून पोटात कालवलं गं. बरं केलंस लिहिलंस.

अबोली_क

मी दुसऱ्या बाजूने सांगते. माझे केस रिलॅक्स केलेले आहेत आणि मी चार वर्षं रंगवतेय, केस उत्तम आहेत. पण मी कधीच उजळ रंग घेतलेला नाही. मूळच्या काळ्याच्या जवळचा गडद तपकिरी, तोही डेमी (हलक्या डेव्हलपरचा). रिलॅक्सर आधी, मग मध्ये किमान दोन आठवडे, मग रंग. उलट कधीच नाही, कारण रिलॅक्सरने आधीचा रंग उतरतो. रिलॅक्सरही फक्त नव्या वाढीला, दहा-बारा आठवड्यांनी. आधी सरळ झालेल्या भागाला पुन्हा क्रीम लागू देत नाही, त्यावर तेलकट क्रीमचा थर लावून घेते.

तेव्हा रिलॅक्स केलेले केस रंगवायचेच नाहीत असा कायदा नाही. फक्त हवी ती छटा निवडण्याची मोकळीक त्यात मिळत नाही.

कंगवा

अबोलीला पूर्ण अनुमोदन. मी गिऱ्हाइकाला हेच सांगते की गडद करणं आणि उजळ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, नुसते 'रंग' म्हणून त्यांना एका पारड्यात घालू नका.

सेमी रंगाला डेव्हलपर लागत नाही. तो वरवर बसतो आणि काही धुण्यांत उतरतो. रिलॅक्सरच्याच दिवशी चालणारा असेल तर हाच. डेमीला हलका डेव्हलपर लागतो, तो मूळ रंग उजळवत नाही, फक्त वर रंग चढवतो, पांढरे केस मिसळून टाकतो. कायम रंग पांढरे केस पुरते झाकतो, एक-दोन छटा उजळही करतो. त्यात डेव्हलपरचा आकडा पाहायचा: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. रिलॅक्स केलेल्या लांबीवर ३० आणि ४० मी हातातच घेत नाही. ब्लीच तर हायड्रॉक्साइडच्या केसावर मी करत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी करत नाही.

दुपदरी, तुला हवा तो तांबूस तपकिरी. तुझे मूळचे केस काळे ना? मग तो रंग दिसायला केस थोडे तरी उजळावे लागतील. बारा सेंटिमीटरच्या नव्या केसांवर ते २० व्हॉल्यूमने होईल. काळा केस उजळताना आधी तांबडाच होतो, त्यामुळे तुझी छटा त्याच वाटेवर आहे, तिथे फार झगडावं लागणार नाही. पण खालच्या दोनदा मार खाल्लेल्या लांबीवर तेच मिश्रण गेलं तर मला भरवसा नाही.

शिवाय एकच रंग दोन्हीकडे एकसारखा दिसणारच नाही. खालचे केस सच्छिद्र झालेत, ते रंग भसकन पितात, गडद आणि मळकट दिसतात आणि लवकर फिकेही पडतात. वर डोक्याच्या उबेमुळे मुळाजवळचा एक-दीड सेंटिमीटर लवकर उजळतो. एका पातेल्यात एकाच वेळी सुती आणि रेशमी कापड रंगवल्यासारखं होतं ते.

दुपदरी

ताई, मग नुसते नैसर्गिक केस रंगवले तर पूर्ण सुरक्षित ना?

माळरान

पूर्ण सुरक्षित नाही. माझे केस आयुष्यात कधी सरळ केलेले नाहीत, बारीक कुरळे आहेत, आणि एकदा ब्लीच केल्यावर पुढच्या बटांचे वळसे सैल पडले ते पडलेच. तेवढे केस वाढून कापले जाईपर्यंत तसेच होते. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर नाजूक जागा असते. डोक्याचं तेलही त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे मुळातच कोरडेपणा. रंगवल्यावर तो वाढतो.

ब्लीच न करता रंगवलेत तेव्हा मात्र वळसे जसेच्या तसे राहिले. थोडं जास्त कंडिशनर लागतं, एवढंच.

अणुरेणू

आणि केसांची ताकद ही झाली एक गोष्ट. त्वचेची बाजू वेगळीच आहे, तिथे नैसर्गिक आणि रिलॅक्स केलेले असा भेदच नाही.

गडद कायम रंगात बहुतेक वेळा पीपीडी (पॅराफेनिलिनडायअमाइन) किंवा त्याचा भाऊबंद टोल्यूइन-डायअमाइन असतो. पीपीडीची ॲलर्जी दहा वर्षं रंग लावल्यावर अकराव्या वर्षीही येऊ शकते. आणि ती लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी कपाळ, कान, पापण्या सुजतात. म्हणून पॅच टेस्ट ४८ तासांची. डब्यावर लिहिलंय तशी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. दर वेळी. आधी काही झालं नव्हतं म्हणून टाळायची नाही.

आणखी एक. हातावर काळी मेंदी म्हणून जे काढतात आणि तासाभरात काळंकुट्ट चढतं, त्यात पुष्कळदा पीपीडीच असतं. तेव्हा कधी पुरळ, फोड आले असतील तर केसांचा गडद रंग तुमच्यासाठी धोक्याचा आहे. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. खरी मेंदी एकटी काळा रंग देतच नाही, तांबूस-नारिंगी देते. 'हर्बल काळी मेंदी' अशी पुडी असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा.

रिलॅक्सरने डोक्याला जरा जरी भाजलं असेल, खपली असेल, तर ती पूर्ण बरी होईपर्यंत रंग नाही. उघड्या कातडीतून रसायन आत जातं. पापण्या आणि भुवयांना डोक्याचा कलप कधीच नाही, त्याने डोळे जाऊ शकतात.

निळीशाई

मेंदीचा विषय निघालाच आहे तर, दुपदरीने मेंदीच का लावू नये? तांबूस रंग हवाय, पेरॉक्साइड नाही, अमोनिया नाही.

कंगवा

शुद्ध मेंदी असेल तर रिलॅक्स केलेल्या केसालाही चालते. पण काळ्या केसावर ती उन्हात जेमतेम दिसते, पांढऱ्या केसांवर मात्र ठळक केशरी. भांगातले पांढरे तेवढे पेटल्यासारखे दिसतात. काहींना आवडतं. आणि एकदा लावली की निघत नाही, वाढून कापावीच लागते.

खरी काळजी भेसळीची. काही पुड्यांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या काही पाण्यांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, कधी वाफ निघते, कधी विरघळल्यासारखा होतो. म्हणून गिऱ्हाईक म्हणालं 'मी पूर्वी मेंदी लावायचे' की मी आधी चार केस कापून २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थोडे थेंब टाकून अर्धा तास बुडवते. गरम झालं, वास आला, केसाचा रंग झरझर बदलला, तर रंगकाम रद्द.

उन्हाची_बट

कॅन्सरचं काय? मी सतत काहीतरी वाचते आणि घाबरते. खरं काय आहे?

अणुरेणू

जे ठोस आहे तेवढंच लिहिते.

अमेरिकेत 'सिस्टर स्टडी' नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. २०२२ साली त्यातला निष्कर्ष आला. ३३,४९७ स्त्रियांकडे जवळपास ११ वर्षं पाहिलं. ज्यांनी केस सरळ करणारी रसायनं कधीच वापरली नव्हती, त्यांच्यात सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के निघाली. ज्या वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरत, त्यांच्यात ४.०५ टक्के. त्याच अभ्यासात केसांच्या रंगाचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही.

पण २०१९ साली त्याच अभ्यासातून स्तनाच्या कर्करोगाबद्दल आलं होतं, ४६,७०९ स्त्रियांवरून. कायम रंग वापरणाऱ्यांत धोका ९ टक्के जास्त, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ४५ टक्के जास्त. सेमी आणि तात्पुरत्या रंगांत जवळजवळ काहीच वाढ नाही.

हे सगळे संबंध आहेत, 'यामुळेच झालं' असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रोज रंग हाताळणाऱ्या केशकर्मींचं काम 'बहुधा कर्ककारक' गटात घातलंय. स्वतःचे केस रंगवण्याबद्दल मात्र कोणत्याच बाजूने वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलंय.

मी यातून स्वतःपुरतं काय ठरवलं ते सांगते: सरळ करणं बंद, रंग वर्षातून चार वेळा, तोही शक्य तिथे डेमी. आणि कंगवाने सुरुवातीला विचारलेल्या तीन प्रकारांपैकी ते तिसरं काम, ज्यात प्रेस करताना डोळे झोंबतात, तिथे फॉर्माल्डिहाइडची वाफ असते. तो कर्ककारक म्हणून नक्की ठरलेला पदार्थ आहे. त्याऐवजी आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या क्रीमनेही मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. ते मी कुणालाच सुचवणार नाही.

धुकं

कंगवाताई, तुम्ही हातमोजे घालता ना?

कंगवा

घालते गं. आणि खिडकी उघडी. पहिली आठ वर्षं नाही घातले, बोटांना अजून भेगा आहेत.

दुपदरी, आता तुझं काम. पार्लरमध्ये जाण्याआधी घरी कर. उद्या विंचरताना जी गुंतवळ निघेल ती फेकू नकोस. त्यातून दहा-बारा लांब केस निवड, ज्यांच्या मुळाशी पांढरट गाठ दिसते असे. म्हणजे ते आपणहून गळलेले, आणि त्यात वरचा कुरळा भाग आणि खालचा सरळ भाग दोन्ही असतील. पाण्यात भिजव. मग एकेक केस घेऊन आधी कुरळा भाग दोन चिमटीत धरून हळू ताण, मग सरळ भाग. चांगला ओला केस जवळपास तिसऱ्या हिश्श्याने लांबतो आणि सोडला की परत येतो. लांबून तसाच लोंबत राहिला तर आतली ताकद गेलेली. न लांबता टक्कन तुटला तर कोरडा ठणठणीत. दोन्हीचा अर्थ रंगाला नकार.

काय झालं ते इथे लिही.

दुपदरी

आज केलं. सविस्तर लिहिते.

बारा केस निवडले. पांढऱ्या ताटलीत पाण्यात ठेवले. पाण्यात एकच केस दोन जणींचा असल्यासारखा दिसत होता, वरचा भाग स्प्रिंगसारखा वळलेला, मग एक अगदी बारीक जागा, तिथे चिमटल्यासारखा, आणि पुढे सरळ तार.

कुरळा भाग बाराही केसांत लांबला आणि सुटल्यावर चटकन आखडला. एकाही केसात तुटला नाही.

सरळ भाग: पाच केस लांबून लोंबत राहिले. चार टक्कन तुटले. तीनच परत आले, तेही पूर्ण नाहीत. आणि तुटलेल्या चारांपैकी तीन नेमके त्या बारीक जागेवर तुटले, कुरळं संपून सरळ सुरू होतं तिथे.

ताटलीकडे बघून मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. इतके महिने तेल लावून, मास्क लावून मी तो खालचा भाग सांभाळत होते.

माळरान

ती सीमेची जागा सगळ्यांत नाजूक असते. मैत्रिणीचे केस वाढवताना मी पाहिलंय, तिथे कंगवा अडकला की संपलं. बोटांनीच सोडव, ओले असताना, कंडिशनर लावून, खालून वर जात.

आणि वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांभाळलेस म्हणून ते इतके दिवस टिकले.

अबोली_क

दुपदरी, माझं मत बदललं. मी वर लिहिलं ते धड असलेल्या रिलॅक्स केसांबद्दल. तुझ्या खालच्या भागाला मी डेमीसुद्धा लावणार नाही. फारच वाटलं तर बिनडेव्हलपरचा सेमी.

कंगवा

मलाही तेच वाटतं. दोन वाटा दिसतात. एक, लांबी आत्ता ठेवायची असेल तर वरचे बारा सेंटिमीटरही अजून रंगवू नकोस, कारण मिश्रण धुताना खाली ओघळणारच. खाली सेमी लाव, पांढरे झाकायला भांगापुरती रंगाची काडी किंवा पावडर वापर, आणि दर दोन महिन्यांनी थोडं थोडं काप. दोन, सरळ भाग सगळा कापायचा आणि उरलेले कुरळे मनासारखे रंगवायचे. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, तो हिशेब करून ठरव. तिसरी वाट, पुन्हा सरळ करून रंगवायची, ती मी मोजत नाही.

कापायचं तुझ्यावर आहे. लांब केसांची ओढ काय असते ते मला माहीत आहे, मी घाई करायला सांगणार नाही.

दुपदरी

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व. पण तुम्हाला सांगायचंच होतं.

कापले. सगळे. आधी आठवडाभर रोज आरशासमोर केस वर दुमडून पाहिलं, मग गेले. कापणाऱ्या मुलीने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत कुरळे केस होते. सहा वर्षांत मी ते पाहिलेच नव्हते. बहीण आधी काही बोलली नाही, मग हात घालून म्हणाली, तुझे असे मऊ होते हे मी विसरलेच होते.

मग दहा दिवस थांबले. कोपराच्या आत पॅच टेस्ट, ४८ तास, काही नाही. मानेजवळची आतली एक बट घेऊन तिच्यावर २० व्हॉल्यूम आणि तांबूस तपकिरी, डब्यावरचा पूर्ण वेळ. धुतली, वाळवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली करून ताणली. आखडली! वळसाही तसाच. पण रंग मला वाटला त्याहून जास्त लाल आला, म्हणून कंगवाताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्यांनी एक छटा गडद आणि कमी तांबडी घ्यायला सांगितली.

परवा पूर्ण रंगवले. मुळं शेवटी, कारण ती लवकर चढतात. कपाळाच्या कडेला व्हॅसलीन. डोक्याला थोडं चुरचुरलं, पण जळजळ नाही. पांढरे सगळे झाकले नाहीत, कानशिलावरचे थोडे फिकट तांबे झालेत आणि मला ते आवडलेत.

एक विचारायचं राहिलं. अर्धं मिश्रण उरलं, केस आखूड झाल्यामुळे. ते पुढच्या मुळांना वापरता येईल का? बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवलंय.

अणुरेणू

आत्ताच्या आत्ता झाकण सैल कर आणि ओतून टाक! एकदा मिसळलं की ते आतल्या आत वायू सोडत राहतं, बंद बाटली फुटू शकते. आणि तासाभरानंतर त्याची ताकदही जाते. पुढच्या वेळी दोन्ही बाटल्यांतून मापाने अर्धं अर्धंच काढून भांड्यात मिसळ.

दुपदरी

टाकलं. बाटली खरंच फुगली होती.

धुकं

दुपदरी, पुढच्या वेळी फक्त नव्या वाढीला लावशील ना? आधी रंगवलेल्या भागावर पुन्हा पुन्हा नको.

दुपदरी

हो. फक्त मुळांना, आठ-दहा आठवड्यांनी. आणि त्याआधी पुन्हा पॅच टेस्ट, ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

कंगवा

छान झालं. धुताना कोमट पाणी घे, आणि डिफ्यूझर (ड्रायरला लावायचं पसरट तोंड) लावणार असशील तर मंद आचेवर. दोन आठवड्यांनी पुन्हा एक केस ओला करून ताणून बघ, आणि आखडला का ते मला कळव.